घर आपले, दार सर्वांचे
(पेन्टेकॉस्टच्या सणानिमित्त चिंतन)



आज पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. प्रेषितांच्या कृत्यांतील आजचे वाचन आपण दरवर्षी ऐकतो. पार्थी, मेदी, एलामी, मिसरी, रोमी, अरबी अशी देशोदेशीच्या लोकांची लांबलचक यादी वाचताना वाचकाची जीभ अडखळते आणि ऐकणारे गालातल्या गालात हसतात. पण त्या यादीतच आजच्या सणाचे मर्म आहे. यरुशलेमात जमलेल्या त्या लोकांना पवित्र आत्म्याने एक नवी समान भाषा शिकवली नाही. प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या मातृभाषेत ऐकली. देवाने माणसाची भाषा पुसून टाकली नाही, आणि कुठल्याही एका भाषेला स्वर्गाची राजभाषाही केले नाही.

या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळणे किती कठीण असते, हे समजून घेण्यासाठी आज आपण आपल्या एका भावंडाच्या घरात डोकावू या. हे भावंड म्हणजे पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा. दुसऱ्याच्या घरातील उणेदुणे काढण्यासाठी आपण तिथे जात नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्यावरील जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात पूर्वेकडील उपासनेचा आणि आध्यात्मिक परंपरेचा मोठ्या आदराने उल्लेख आहे. पुढच्याच वर्षी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, पोप पॉल सहावे आणि कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क अथेनागोरास यांनी १०५४ साली एकमेकांवर घातलेल्या बहिष्काराच्या आठवणीला मूठमाती दिली. पूर्ण ऐक्य अजून व्हायचे आहे. तोवर भावाच्या घरात जाताना चपला बाहेर काढूनच जावे.

उपासनेचे सौंदर्य

ऑर्थोडॉक्स मंदिरात पाऊल ठेवले की आधी दिसते ती वेदीसमोरची पवित्र चित्रांची भिंत. मेणबत्त्यांच्या प्रकाशात प्रभू येशू, पवित्र मरिया आणि संत आपल्याकडे पाहत असतात. धुपाचा सुगंध दरवळत असतो. संत जॉन ख्रिझोस्टम यांच्या नावाने ओळखली जाणारी उपासना बहुतेक ठिकाणी वाद्यांविना, केवळ माणसाच्या कंठातून गायली जाते. तान्ह्या बाळाला स्नानसंस्काराबरोबरच दृढीकरण मिळते आणि तेही पवित्र शरीररक्तात सहभागी होते. उपासना संपली की आशीर्वादित भाकरीचे तुकडे वाटतात. ही भाकर ख्रिस्तशरीर नव्हे, म्हणून दारात उभ्या असलेल्या परक्या पाहुण्यालाही ती मिळते.

एक जुनी कथा सांगतात. कीव्हचा राजा व्लादिमिर याने खरा धर्म शोधण्यासाठी दूत पाठवले. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियामधील उपासना पाहून ते परतले आणि म्हणाले, आम्ही स्वर्गात होतो की पृथ्वीवर, तेच आम्हांला कळेना. ९८८ साली राजाने स्नानसंस्कार घेतला. कथेतील तपशिलांविषयी इतिहासकार काहीही म्हणोत, ती सांगणाऱ्यांना एवढे नक्की ठाऊक होते की पुष्कळ माणसे वादविवादाने नव्हे, तर उपासनेच्या सौंदर्याने देवाकडे ओढली जातात.

लोकांच्या भाषेत देव

या परंपरेचा एक मोठा गुण म्हणजे लोकांच्या भाषेविषयीचा आदर. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जॉन ख्रिझोस्टम कॉन्स्टँटिनोपलचे बिशप होते. शहरातील गॉथ लोकांना सुसंस्कृत ग्रीक मंडळी रानटी समजत. संत जॉन यांनी त्यांना त्यांच्या भाषेतील उपासनेसाठी एक मंदिर दिले आणि दुभाष्या घेऊन ते स्वतः तिथे प्रवचन करायला गेले.

पुढे नवव्या शतकात संत सिरिल आणि संत मेथोडियस हे दोघे ग्रीक भाऊ स्लाव लोकांकडे गेले. त्या लोकांना लिपी नव्हती. भावांनी लिपी तयार केली आणि शुभवर्तमान व उपासना स्लाव भाषेत आणली. व्हेनिसमध्ये त्यांना विरोध झाला. हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत देवाची उपासना करता येते, असे विरोधकांचे म्हणणे होते. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, सूर्य सर्वांवर सारखाच उगवतो, मग देवाची स्तुती तीनच भाषांत का कोंडता, असा सिरिल यांच्या उत्तराचा आशय होता. पोप एड्रियन दुसरे यांनी त्यांची बाजू घेतली आणि स्लाव भाषेतील ग्रंथ रोममधील पवित्र मरियेच्या महामंदिरात वेदीवर ठेवले. संत सिरिल ८६९ साली रोममध्येच वारले. त्यांची कबर तिथल्या संत क्लेमेंट यांच्या मंदिरात आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० मध्ये या दोन्ही भावांना युरोपचे सहआश्रयदाते म्हणून घोषित केले.

पण घर केव्हा कुंपण बनते?

मग प्रश्न पडतो, ज्या परंपरेने परक्यांच्या भाषेसाठी एवढे कष्ट घेतले, तीच पुढे जातीजमातींत कशी विभागली गेली? आज अमेरिकेत एकाच शहरात ग्रीक, रशियन, सर्बियन, रुमानियन अशी वेगवेगळ्या बिशपांच्या अधिकाराखालील ऑर्थोडॉक्स मंदिरे का दिसतात?

याचे उत्तर इतिहासाच्या जखमांत आहे. उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यात प्रजेची गणना धर्मावरून होई. ऑर्थोडॉक्स माणूस ग्रीक बोलो, बल्गेरियन बोलो वा अरबी, तो पॅट्रिआर्कांच्या हाताखालच्या एकाच समाजाचा मानला जाई. राज्य परक्याचे होते, आपले म्हणावे असे एक मंदिरच होते. मंदिराच्या आश्रयाने भाषा टिकली, सण टिकले, आपण कोण आहोत ही आठवण टिकली. १९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली, तेव्हा माणसांची विभागणी भाषेवरून न करता धर्मावरून केली गेली. त्यामुळे घरात तुर्की बोलणारे ऑर्थोडॉक्स ग्रीसला गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरील मुसलमान तुर्कस्तानात गेले. अशा होरपळीतून निघालेला माणूस न्यूयॉर्क किंवा शिकागोला पोहोचतो आणि आपले मंदिर बांधतो, तेव्हा त्यात देवाबरोबर हरवलेले गावही तो वसवतो. त्याला दोष कोण देईल?

तरीही यात धोका होता आणि तो ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेनेच ओळखला. बल्गेरियन लोकांवर ग्रीक बिशप आणि ग्रीक उपासना लादली जात होती. त्यांची तक्रार रास्त होती. १८७० मध्ये सुलतानाच्या फर्मानाने त्यांची स्वतंत्र धर्मव्यवस्था उभी राहिली. एकाच गावात वंशानुसार दोन बिशप असण्याची पाळी आली. १८७२ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या परिषदेने, वंशाच्या पायावर ख्रिस्तसभा उभी करणे ही पाखंडी शिकवण आहे, असे जाहीर केले. हा निर्णय देणाऱ्यांच्या मनातही ग्रीक अभिमान नव्हता असे म्हणता येणार नाही. बल्गेरियन भावांशी तुटलेला संबंध १९४५ साली जुळला. पण रोगाचे निदान अचूक होते. २०१६ साली क्रीट बेटावर भरलेल्या ऑर्थोडॉक्स परिषदेनेही १८७२ च्या त्या निर्णयाचे स्मरण केले. निदान होऊनही औषध घेणे किती अवघड असते, हे आपण सगळे जाणतोच!

दारात उभे राहिलेले पाहुणे

विसाव्या शतकात या घराच्या दारात अनपेक्षित पाहुणे येऊ लागले. १९५२ साली लंडनमध्ये टिमथी वेअर नावाचा सतरा वर्षांचा इंग्रज मुलगा सहज म्हणून एका रशियन मंदिरात शिरला. आत अंधुक उजेड होता, बाके नव्हती, मोजकीच माणसे होती. मंदिर रिकामे आहे असे त्याला आधी वाटले. मग हळूहळू जाणवले की ते भरलेले आहे. दिसणाऱ्या मूठभर भाविकांबरोबर न दिसणारे संत आणि देवदूतही इथे उपासना करीत आहेत, असा अनुभव त्याला आला. परंतु ऑर्थोडॉक्स होण्याची इच्छा त्याने बोलून दाखवली, तेव्हा त्याला फारसे उत्तेजन मिळाले नाही. तू इंग्रज आहेस, आपल्याच ख्रिस्तसभेत राहा, असा सूर होता. सहा वर्षे तो थांबला. १९५८ साली त्याला स्वीकारण्यात आले. हेच पुढे बिशप कॅलिस्टोस वेअर म्हणून जगाला माहीत झाले. पाटमोस बेटावरील मठाचे ते व्रतस्थ होते आणि ऑक्सफर्ड विद्यापीठात त्यांनी पस्तीस वर्षे अध्यापन केले. ऑक्सफर्डमध्ये १९७३ साली बांधलेल्या एकाच मंदिरात ग्रीक आणि रशियन धर्मग्राम शेजारी शेजारी नांदत होते, आणि तिथे हा इंग्रज धर्मगुरू सेवा करीत होता. २०२२ मध्ये ते प्रभूच्या घरी गेले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. पीटर गिलक्विस्ट आणि त्यांचे सहकारी हे विद्यार्थ्यांमध्ये शुभवर्तमान सांगणारे इव्हँजेलिकल कार्यकर्ते. प्रेषितांच्या काळातील ख्रिस्तसभा पुढे कुठे गेली, या एका प्रश्नाने त्यांना पछाडले. जुने ग्रंथ वाचता वाचता ते ऑर्थोडॉक्स परंपरेपर्यंत आले. १९८५ साली ते मोठ्या आशेने इस्तंबूलला गेले, पण पॅट्रिआर्कांची भेट न होताच त्यांना परतावे लागले. शेवटी त्यांना दार उघडले ते लेबनॉनमध्ये जन्मलेल्या मेट्रोपॉलिटन फिलिप सलिबा यांनी. सीरिया-लेबनॉनमधून आलेल्या अरब भाविकांचा जो अमेरिकन धर्मप्रांत, त्याने १९८७ साली सुमारे दोन हजार अमेरिकनांना एकदम आपल्या पंक्तीला बसवून घेतले. स्वतः परदेशात पाहुणा म्हणून राहिलेल्याला पाहुण्याचे दुःख लवकर कळते, हेच खरे.

नव्यांचे दान आणि नव्यांचा मोह

बंधुभगिनींनो, नवा माणूस घरात आला की घरच्यांना आपल्याच वस्तू नव्याने दिसू लागतात. जन्मापासून ऑर्थोडॉक्स असलेला माणूस सवयीने क्रूसाची खूण करतो. नवा माणूस विचारतो, याचा अर्थ काय? आजीला अर्थ सांगता येत नाही, पण ती डोळे मिटून मेणबत्ती लावते आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून नव्याला पुस्तकाहून अधिक कळते. नव्याने प्रश्न आणला, आजीने प्रार्थना दिली. दोघेही श्रीमंत झाले.

पण नव्यांनाही मोह असतात. कुणी अल्पावधीतच ग्रीकांहून अधिक ग्रीक आणि रशियनांहून अधिक रशियन होऊ पाहतो. नाव बदलतो, दाढी वाढवतो, आणि ज्यांच्या पणजोबांनी श्रद्धेसाठी छळ सोसला त्यांच्या उपवासातील चुका मोजत बसतो. कुणी प्रभूला शोधण्याऐवजी आधुनिक जगावरचा राग काढण्यासाठी प्राचीन मंदिराचा आसरा घेतो. अलीकडच्या वर्षांत अमेरिकेतील काही ऑर्थोडॉक्स मंदिरांत तरुण नवागतांची गर्दी वाढल्याचे सांगतात. तिथल्या धर्मगुरूंपुढे हाच प्रश्न आहे, की या तरुणाला किल्ला हवा आहे की क्रूस?

यरुशलेमचा निर्णय

हा प्रश्न नवा नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात नेमका हाच वाद आहे. परराष्ट्रीय लोक ख्रिस्ताकडे येऊ लागले. त्यांनी आधी यहुदी व्हावे काय? सुंता करावी काय? संत पेत्र उभे राहिले. कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा कसा उतरला हे त्यांनी स्वतः पाहिले होते. जे ओझे आपल्या वाडवडिलांना वाहता आले नाही ते नव्या शिष्यांच्या मानेवर का ठेवता, असे त्यांनी विचारले. संत याकोबानेही दुजोरा दिला. नव्यांना मोजकेच नियम सांगण्यात आले.

दोन्ही बाजूंनी काय केले ते पाहा. यहुदी शिष्यांना कुणी म्हटले नाही की तुमचे सण सोडा. संत पौल स्वतः यरुशलेमच्या मंदिरात जातच राहिले. आणि परराष्ट्रीयांना कुणी म्हटले नाही की आमच्यासारखे व्हा, मगच या. वारसा जपायचा, पण तो दुसऱ्याच्या तारणाची अट करायचा नाही, हे प्रेषितांनी त्या दिवशी ठरवून दिले.

या शिकवणुकीचे एक तेजस्वी उदाहरण म्हणजे जपानचे संत निकोलस. हे रशियन धर्मगुरू १८६१ साली जपानला गेले. जपानी भाषा शिकले, शुभवर्तमान आणि उपासना त्या भाषेत आणली. १९०४ मध्ये रशिया आणि जपान यांच्यात युद्ध पेटले. रशियन बिशपांनी काय करावे? ते आपल्या जपानी लेकरांना सोडून गेले नाहीत. त्यांनी भाविकांना सांगितले, तुम्ही तुमच्या देशासाठी प्रार्थना करा. जपानच्या विजयासाठी प्रार्थना करणे त्यांना स्वतःला शक्य नव्हते, म्हणून युद्ध संपेपर्यंत ते जाहीर उपासनेपासून दूर राहिले. आपली मातृभूमी त्यांनी नाकारली नाही आणि ती दुसऱ्यांवर लादलीही नाही. याच्या उलट चित्रही आपण पाहिले आहे. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा मॉस्कोच्या पॅट्रिआर्कांनी त्याचे समर्थन केले. एकाच परंपरेत स्नानसंस्कार झालेली माणसे दोन्ही बाजूंनी मेली. अनेक ऑर्थोडॉक्स धर्मपंडितांनी त्याच वर्षी, राष्ट्र आणि ख्रिस्तसभा यांची गल्लत करणाऱ्या या विचारसरणीचा जाहीर निषेध केला. वंशाभिमान वेदीवर चढला की त्याला नरबळी लागतो.

आपल्या घराकडे वळू या

हे सारे ऐकून कुणी म्हणेल, फादर, हे त्यांचे झाले. आपण तर कॅथलिक, म्हणजे सर्वांचे! म्हणून आपल्या घरची एक आठवण सांगतो. १८८९ साली अॅलेक्सिस टोथ नावाचे धर्मगुरू अमेरिकेतील मिनियापोलिसला आले. ते कॅथलिक होते, पोप महोदयांशी एकनिष्ठ होते, पण त्यांची उपासना पूर्वेकडील विधीची होती. त्या विधीच्या रिवाजाप्रमाणे त्यांचा विवाह झाला होता आणि ते विधुर होते. तिथल्या कॅथलिक आर्चबिशपांनी त्यांना धर्मगुरू म्हणून मान्य केले नाही. अमेरिकेत एकाच तऱ्हेचे कॅथलिक असावेत, असा त्यांचा आग्रह होता. १८९१ मध्ये फादर टोथ आपल्या साडेतीनशेहून अधिक भाविकांसह ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेत गेले. त्यांच्यामागून हजारो गेले. १९९४ साली अमेरिकेतील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून जाहीर केले. अमेरिकेतील पूर्वविधीच्या कॅथलिकांमध्ये विवाहित धर्मगुरूंवर असलेली बंदी पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये उठवली. एका दारातील एका नकाराची भरपाई व्हायला सव्वाशे वर्षे लागली!

आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी तर दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाने आपल्या पूर्वजांना इंग्रजी शिकवत बसण्यापेक्षा स्वतः मराठी शिकणे पसंत केले. १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या त्या परदेशी माणसाने आपल्या बोलीच्या वळणाने रचल्या. मात्र आपल्या आजी-आजोबांना मिस्सा लॅटिनमध्येच ऐकावी लागे. शब्द कळत नसत, तरी गुडघे टेकलेले असत. विश्वपरिषदेनंतर वेदीवरून मराठी ऐकू आली, तेव्हा अनेकांना पेन्टेकॉस्टचाच अनुभव आला असेल.

म्हणूनच ही मराठी मिस्सा, आपली गाणी, आपली सामवेदी आणि वाडवळी बोली, आपले लुगडे, सणासुदीचे फुगे, हे सारे देवाचे देणे आहे. ते जपा. त्याची लाज वाटून घेऊ नका. पण आज आपल्या बाकांकडे एकदा नजर टाकू या. केरळहून, मंगळूरहून, तामिळनाडूतून, झारखंडातून कामधंद्यासाठी आलेली कुटुंबे आपल्यामध्ये आहेत. केरळच्या सिरो-मलबार विधीच्या आपल्या कॅथलिक भावंडांसाठी १९८८ साली कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांतही स्थापन झाला आहे. प्रौढपणी श्रद्धेचा शोध घेत आलेले, स्नानसंस्काराची तयारी करणारे किंवा तो नुकताच घेतलेले काही जणही आपल्यात असतात. मिस्सा झाल्यावर आपण मंदिराच्या आवारात घोळके करून उभे राहतो. कुठल्या घोळक्यात ते असतात? आडनाव विचारल्यावर, गाव विचारल्यावर आपला चेहरा थोडा बदलतो का? नव्या भावाला आपण पवित्र भाकर देतो, पण चहाचा कप देतो का?

आणि दुसरी बाजूही पाहू. आपली मुले आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली आहेत. उद्या तिथल्या मंदिरात तीही शेवटच्या बाकावर परक्यासारखी बसतील. तिथे कुणी त्यांना जवळ बोलवावे असे आपल्याला वाटते ना? मग ते पुण्य इथून सुरू करू या. आणि सुट्टीत आलेल्या नातवंडाला मराठी प्रार्थना येत नाही म्हणून रागावू नका. आजीने त्याच्याबरोबर त्याच्या भाषेत आणि त्याने आजीबरोबर तिच्या भाषेत एक एक प्रार्थना म्हणावी. त्या घरात पवित्र आत्मा नक्की येईल.

या आठवड्यासाठी एकच गोष्ट सुचवतो. पुढच्या रविवारी घोळक्याकडे जाण्याआधी प्रत्येकाने एका अनोळखी चेहऱ्याकडे जावे, नाव विचारावे, आणि ते नाव पुढच्या रविवारपर्यंत लक्षात ठेवून त्याच्यासाठी प्रार्थना करावी.

ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेत पुनरुत्थान रविवारी एक सुंदर रिवाज आहे. शिष्य दारे लावून बसलेले असताना प्रभू येशू मध्ये येऊन उभा राहिला, हा संत योहानाच्या शुभवर्तमानातील उतारा त्या दिवशी अनेक भाषांत वाचला जातो. ग्रीक, स्लाव, अरबी, इंग्रजी, उपस्थितांपैकी ज्याला जी भाषा येते ती. सर्व भाषांत तोच प्रभू, तेच बंद दार, तीच शांती. आज पेन्टेकॉस्टच्या दिवशी तोच प्रभू आपलीही दारे उघडो.

हे पवित्र आत्म्या, आमच्या वाडवडिलांकडून आम्हांला मिळालेला ठेवा जपण्याची शक्ती दे. तो ठेवा कुंपण न होता भाकर व्हावा, अशी कृपा कर. पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील तुझ्या लेकरांना एका मेजाभोवती आण. आणि आमच्या दारात जो कोणी उभा आहे त्याच्यात आम्हांला प्रभू येशूचा चेहरा दिसू दे. आमेन.